चार वर्षांचा मुलगा दिवसभर खेळतोच, शिकवणी लावू का?

प्रश्न: मुलगा चार वर्षं तीन महिन्यांचा आहे, यंदा छोट्या गटात. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. मी अंबडला एका कंपनीत नोकरी करते, घरी यायला साडेसहा होतात. दुपारी तो आणि दीड वर्षाची धाकटी आजी-आजोबांजवळ असतात. त्याच्या शाळेत सगळा वेळ ठोकळे, वाळू, गाणी, भातुकली. वही नाहीच. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी शंभरपर्यंत अंक म्हणते, मुळाक्षरं लिहिते. सासरे निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत, ते म्हणतात पाया आत्ताच पक्का व्हायला हवा. म्हणून मी रोज जेवणाआधी अर्धा तास त्याला लिहायला बसवते. पेन्सिल मुठीत धरतो, दोन ओळी झाल्या की रडतो, वही फेकतो. मग मीही ओरडते. सोसायटीतल्या एक ताई पाच-सहा मुलांची शिकवणी घेतात, तिथे घालू का? की शाळाच बदलू? खेळून मुलं खरंच काही शिकतात का?
(एक आई, नाशिक)

उत्तर:

ताई, शिकवणी लावू नका, शाळा बदलायची घाई करू नका, आणि संध्याकाळची ती वही आजच कपाटात ठेवून द्या. निदान सहा महिने तरी बाहेर काढू नका. पण नुसतं 'खेळू द्या हो' म्हणून तुमची काळजी मिटायची नाही. खेळ म्हणजे मुलाला मोकळं सोडून देणं नव्हे. खेळातून शिकणं घडायचं तर सलग वेळ लागतो, हाताशी सामान लागतं, आणि कधी बोलायचं नि कधी गप्प बसायचं हे कळणारं मोठं माणूस लागतं. तुमच्या घरात हे तिन्ही आहे. फक्त आत्ता ते सगळं त्या अर्ध्या तासाच्या वहीत खर्ची पडतंय.

शेजारच्या मुलीच्या शंभरपासून सुरुवात करू, कारण मनाला तेच लागलंय. शंभरपर्यंत अंक म्हणणं हे पाठांतर आहे. चांगलंच आहे, पण ते मोजणं नव्हे. तुमच्या मुलाला मोजणं किती कळतं हे रविवारी निवांत पाहा. सात चिंचोके ओळीत मांडा आणि मोजायला सांगा. प्रत्येक चिंचोक्याला बोट लावून एकेकच अंक म्हणतो, की बोट मागे आणि तोंड पुढे धावतं? मोजून झालं की लगेच विचारा, "मग किती आहेत?" पुष्कळ मुलं उत्तर देण्याऐवजी पुन्हा एकपासून मोजायला लागतात. शेवटी उच्चारलेला अंक हाच सगळ्यांचा मिळून आकडा असतो, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. मग वाटीभर चिंचोके पुढे ठेवून म्हणा, "मला पाच दे." जे मूल हाताला येतील तेवढे उचलून देतं, त्याच्यासाठी 'पाच' हा अजून नुसता उच्चार आहे, मग ते शंभरपर्यंत कितीही घडाघडा म्हणो. बहुतेक मुलांना ही गोष्ट साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान कळते, काहींना थोडी उशिरा. एवढं पाहिलंत की पुरे. रोज परीक्षा घेऊ नका, आणि हा प्रयोग शेजारच्या मुलीवर तर मुळीच करू नका.

हे कळायला मदत करणारा एक खेळ आजोबांच्या हाती द्या. द्राक्षांची पुठ्ठ्याची पेटी घ्या, आधी तिच्या पिना उपटून टाका. साठ सेंटिमीटर लांब आणि आठ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा आणि त्यावर सहा-सहा सेंटिमीटरची दहा घरं आखा. डावीकडून उजवीकडे १ ते १० अंक ठळक लिहा. बाटलीची दोन वेगळ्या रंगांची झाकणं म्हणजे सोंगट्या. फाशाऐवजी रुपयाचं नाणं: छापा पडला तर एक घर, काटा पडला तर दोन. खरी गोम सोंगटी सरकवताना आहे. सोंगटी ४ वर असेल आणि दोन पडले, तर मुलानं "एक, दोन" न म्हणता "पाच, सहा" म्हणत जायचं. सुरुवातीला तो "एक, दोन"च म्हणेल. तेव्हा चुकलं म्हणू नका. "चारवर आहेस, पुढचं घर कुठलं?" एवढं विचारा, आणि अडला तर त्याच्याबरोबर म्हणा. सीग्लर आणि रमाणी या संशोधकांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांमधल्या बालवाडीच्या मुलांना असाच दहा घरांचा सरळ पट दोन आठवड्यांत चारदा, दर वेळी पंधरा मिनिटं खेळायला दिला. त्या मुलांची संख्यांची समज स्पष्ट वाढली. ज्यांनी तसाच पट अंकांऐवजी रंगांचा खेळला, त्यांची तशी वाढली नाही. म्हणजे नुसत्या पटाचा उपयोग नाही, सरकताना अंक तोंडी यावे लागतात.

साप-शिडी मात्र इतक्यात नको. शंभर घरं, एक ओळ डावीकडून तर दुसरी उजवीकडून, त्यात साप गिळतो आणि शिडी उडवते. चारच्या मुलाला त्यातून संख्येचा क्रम हाती लागत नाही. सहाव्या वर्षानंतर काढा.

आता हाताकडे येऊ. वही फेकण्यामागे हट्ट नाही. हाताचा ताबा खांद्यापासून सुरू होतो, मग कोपर, मग मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटांची टोकं. ज्याचा खांदा आणि मनगट अजून स्थिर नाही, ते मूल पेन्सिल मुठीत आवळतं, कारण त्याशिवाय ती हलेल कशी? दोन ओळींत हात भरून येतो. आकार जमण्याचाही एक क्रम आहे. पाहून काढायची उभी रेघ दोनच्या आसपास जमते, आडवी अडीचच्या, गोल तीनच्या, अधिकचं चिन्ह चारच्या सुमारास, चौकोन साडेचारला आणि तिरप्या रेघा, त्रिकोण पाचच्या आसपास. आता 'अ' बघा. एकाखाली एक दोन अर्धगोल, मधली आडवी रेघ, उभा दांडा, वर शिरोरेघ, आणि हे सगळं दोन ओळींच्या मध्ये कोंबायचं. 'र'चा किंवा इंग्रजी 'के'चा तिरपा पाय चारच्या मुलाला येत नाही, तो आळशी असतो म्हणून नव्हे. पुढे अक्षरं लिहायला लागल्यावर काही उलटी येतील. सातव्या वर्षापर्यंत त्याचीही धास्ती घेऊ नका.

मग करायचं काय? पेन्सिल बाजूला ठेवा आणि रंगीत खडूचे मुद्दाम दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. इतका लहान तुकडा मुठीत मावतच नाही, तो आपसूक अंगठा आणि दोन बोटांत येतो. कागद टेबलावर न ठेवता भिंतीवर किंवा कपाटाच्या दारावर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. उभ्या कागदावर काढताना मनगट मागे वळतं आणि खांदा काम करतो. लिहिण्यासाठी नेमकं तेच हवं असतं. बाल्कनीची भिंत असेल तर आणखी चांगलं. दोन इंची रंगाचा ब्रश आणि मगभर पाणी द्या, भिंत 'रंगवू' द्या. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात भिंत पाहता पाहता वाळते, आणि तो पुन्हा पहिल्यापासून रंगवतो.

स्वयंपाकघरात हाताला याहून भरपूर काम आहे. थंडीत मटार सोलणं, मेथी निवडणं, भुईमुगाच्या शेंगा फोडणं, द्राक्षाच्या घडाचे मणी एकेक करून तोडणं, पोळीचा छोटा गोळा मळणं. रुमाल वाळत घालायला कपड्यांचे चिमटे द्या, पण जुने, सैल झालेले. नवे चिमटे त्याला दाबले जात नाहीत आणि मग तो खेळच सोडून देतो. कात्री बोथट टोकाची, मुलांची घ्या. पहिल्यांदा पातळ कागद देऊ नका, तो वाकतो आणि कापला जात नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या द्या, एका कापात तुकडा पडतो. तुकडे पाडणं आधी, रेघेवरून कापणं नंतर.

खेळायचा मळलेला गोळा घरीच करा. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल, दोन छोटे चमचे लिंबाचा रस. सगळं कढईत गुठळ्या न होऊ देता कालवा आणि मंद आचेवर सतत हलवत राहा. चार-पाच मिनिटांत मिश्रण कडा सोडून गोळा होतं. खाली उतरवा, कोमट झालं की ओट्यावर चांगलं मळा. रंगासाठी हळद किंवा बिटाचा रस चालतो. हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये ठेवलात तर पंधरा दिवस टिकतो. मीठ कमी घातलं की बुरशी लवकर धरते. पावसाळ्यात मीठ हवेतली ओल ओढतं आणि गोळा चिकट होतो, तेव्हा वरून कोरडा मैदा लावून मळा. भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावा. हा गोळा भलता खारट असतो, म्हणून धाकटीच्या तोंडात जाता कामा नये. मोठ्याच्या बोटाला जखम असेल त्या दिवशी गोळा बाजूला ठेवा, फार झोंबतो. आणि साचे देऊ नका. साच्यानं एका दाबात मासा तयार होतो, बोटांना काही करावंच लागत नाही. लाटणं, बोथट सुरी, काड्यापेटीतल्या गूल काढलेल्या काड्या, एवढं पुरे.

सहा महिन्यांनी वही काढाल तेव्हाही रेघा, गोल आणि त्याचं स्वतःचं नाव, एवढ्यावरच थांबा. मात्र दोन-तीन महिने हे सगळं मनापासून करूनही तो खडूचा लहान तुकडासुद्धा बोटांत धरत नसेल, तर पुढच्या भेटीत बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला.

भातुकलीबद्दल तुमच्या पत्रात एकच शब्द आहे, पण शाळेत चाललेलं सगळ्यात मोलाचं काम तेच असावं. वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३३ मधल्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचं उदाहरण दिलं होतं. काठी घोडा होते त्या क्षणी मुलाच्या डोक्यात वस्तू आणि तिचा अर्थ वेगळे होतात. एक गोष्ट दुसरीच्या जागी उभी राहू शकते, हे कळणं पुढच्या लिहिण्या-वाचण्याच्या मुळाशी आहे. कागदावरचं 'क' हे चिन्ह एका आवाजाच्या जागी उभं असतं, आकड्यातला ५ पाच चिंचोक्यांच्या जागी. चिवड्याच्या डब्याला रिक्षा करणाऱ्या मुलाची तयारी त्याच वाटेवर चाललेली असते.

आता यात मोठ्यांनी काय करायचं, ते जरा जवळून बघा. समजा त्यानं सोफ्यावर भाजीचं दुकान मांडलंय. तुम्ही कामावरून येता, कौतुकानं जवळ बसता आणि विचारता, "हा कुठला रंग? टोमॅटो किती आहेत? बटाट्याला इंग्रजीत काय म्हणतात?" तिसऱ्या प्रश्नाला तो उठून जातो. दुकान गेलं, परीक्षा सुरू झाली. त्याऐवजी पिशवी घेऊन समोर उभ्या राहा. "दादा, कांदे कसे दिले?" तो म्हणेल, "शंभर रुपये." "अहो, फार महाग झाले. दोनच द्या आणि एक लिंबू." मग गप्प राहा. मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा, त्याला विचार करायला तेवढा वेळ लागतो. तो तीन कांदे देईल. "मी दोनच मागितले होते ना? एक जास्त आला." त्यानं एक परत घेतला, की वजाबाकी झाली, आणि त्याला कुणी शिकवतंय असं वाटलंही नाही. दुसऱ्या दिवशी तराजू करून द्या. कपडे अडकवायचा प्लॅस्टिकचा हँगर दाराच्या कडीला टांगा, दोन्ही टोकांना सारख्या लांबीच्या सुतळीनं सारखेच दोन हलके डबे बांधा. आधी रिकामा तराजू सरळ राहतो का ते पाहा. नसेल तर खाली झुकलेल्या बाजूच्या सुतळीची गाठ थोडी आत सरकवा. मोठा पण हलका कांदा आणि लहान पण जड बटाटा त्याला स्वतःला सापडू दे, तुम्ही सांगू नका. नंतर कागद आणि खडू ठेवा, 'बिल' करायला. तो नागमोडी रेघोट्या ओढून "हे घ्या बिल" म्हणेल. लिहिण्यानं निरोप पोचतो, हे त्याला कळलंय. तुमची खरी वाणसामानाची यादीही त्याच्यासमोर, एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहा.

अशा खेळाला सलग पाऊण तास लागतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं मांडामांड आणि 'मी दुकानदार, तू नाही' या भांडणात जातात. विसाव्या मिनिटाला 'आवरा आता' झालं, तर हाती फक्त भांडणच राहतं. म्हणून घरात एक कोपरा असा ठरवा, जिथला पसारा रात्री आवरायचा नाही. बैठकीच्या खोलीत होत नसेल तर पलंगाखाली. आणि शिकवणीतली सहा मुलं मांडी घालून गिरवत बसण्यापेक्षा, आठवड्यातून दोनदा सोसायटीतलं एखादं-दुसरं मूल घरी बोलवा. चारच्या आसपास मुलं शेजारी-शेजारी खेळण्याकडून एकत्र ठरवून खेळण्याकडे वळतात, त्याला सोबत लागतेच. हाणामारी होत नसेल तर भांडण सोडवायला लगेच धावू नका.

तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं डावलू नका. पाया पक्का हवा, हे त्यांचं शंभर टक्के खरं आहे. प्रश्न पाया कशाचा करायचा एवढाच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ या वयाला पायाभूत टप्पा म्हटलंय. त्यात बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरीही येते. त्या टप्प्याचा राष्ट्रीय आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला, तोही खेळावरच उभा आहे. म्हणजे तुमच्या मुलाची शाळा लाड करत नाहीये, धोरणाला धरून चालली आहे. आणि हे काही बाहेरून आलेलं नवं खूळ नव्हे. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी नूतन बालशिक्षण संघ १९२६ साली काढला. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या पानं, बिया, शंख-शिंपल्यांच्या खेळांवर. निवृत्त शिक्षकांना ही नावं सांगावी लागणार नाहीत. त्यांचा हात मुलाला हवाच आहे, तेव्हा त्यांना दुपारची तीन कामं सोपवा: तो अंकांचा पट, झोपेआधी एक गोष्ट, आणि शब्दांचे खेळ.

शब्दांच्या खेळात क्रम पाळा. आधी टाळ्या: 'भो-प-ळा' तीन, 'कां-दा' दोन, घरातल्या सगळ्यांची नावं टाळ्यांवर. मग यमक: 'माळ'सारखं काय? 'बाळ', 'टाळ', काही अर्थ नसलेलं 'गाळाळाळ' आलं तरी चालेल. पहिलं अक्षर ओळखणं त्यानंतर, आणि शेवटच्या अक्षराच्या भेंड्या पाचनंतर. कानाला अक्षर वेगळं ऐकू आलं की डोळ्यांना ते ओळखणं सोपं जातं. उलटं करायला गेलं की मूल तक्ता पाठ करतं आणि 'कमळ' वाचताना अडतं.

पळापळीकडे तुमचं लक्ष कमी गेलेलं दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं तरी धाप लागेल अशी. झोप १० ते १३ तास, दुपारची धरून. पडद्यासमोर जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तमच. म्हणून साडेसहाला आल्यावर चहा घ्या आणि त्याला घेऊन खाली उतरा, पाऊण तास. रविवारी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या तुमच्यापासून जवळ आहेत. चढणं-उतरणं पायांना आणि तोल सांभाळायला फार चांगलं. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत किंवा सहानंतर. पावसात पार्किंगमध्ये, नाहीतर घरात गाद्या टाकून कोलांट्या.

खाली गेलात की डोंगर-पाणी, विष-अमृत, स्टॅच्यू खेळा. पळता पळता एकदम थांबायचं, 'विष' म्हटलं की हलायचं नाही, कुणी 'अमृत' म्हणेपर्यंत वाट पाहायची. मनात आलेली हालचाल आवरणं आणि नियम लक्षात धरणं, पहिलीच्या वर्गात बसायला हेच लागतं. दोन आठवड्यांनी डोंगर-पाणी उलटं करा: 'डोंगर' म्हटलं की खाली, 'पाणी' म्हटलं की वर. पाचाच्या आतल्या मुलांना मात्र 'आऊट' करू नका. जो पहिला चुकतो त्यालाच सरावाची गरज जास्त असते, आणि तोच बाजूला बसून राहतो.

मातीत खेळला की आजींना जंतांची भीती वाटत असेल, ती रास्त आहे. नखं कापलेली ठेवा, खेळून आल्यावर साबणानं हात धुवा, आणि वर्षातून दोनदा अंगणवाडी-शाळांतून मिळणारी जंताची गोळी चुकवू नका. बाल्कनीत घमेल्यात माती ठेवायची तर आपली काळी माती एकटी नको. ओली झाली की चिकटते, वाळली की दगड होते. निम्मी वाळू मिसळा, आणि रात्री झाकून ठेवा, नाहीतर मांजरं घाण करतात.

'शैक्षणिक' खेळण्यांवर फार खर्च करू नका. बटण दाबलं की एबीसी म्हणणारं खेळणं स्वतःच सगळं करतं, मुलाला काही उरत नाही. विकत घ्यायचंच तर साधे, एका मापाचे लाकडी ठोकळे घ्या, चाळीस-पन्नास तरी. दहा ठोकळ्यांत मनोरा होतो, घर होत नाही.

धाकटीमुळे एक दक्षता कडक पाळावी लागेल. चिंचोके, मणी, शेंगदाणे, फुटाणे तिच्या हाताला लागता कामा नयेत. हे खेळ ती झोपलेली असताना किंवा टेबलावर, आणि संपल्यावर मोजून डब्यात. द्राक्षं पाचाच्या आतल्या दोघांनाही अख्खी देऊ नका, उभी चिरून चार फोडी करा. गोल, गुळगुळीत मणी घशात घट्ट बसतो. पाण्याचा खेळ संपला की बादली लगेच रिकामी करा, तान्ह्या मुलाला बुडायला काही इंच पाणी पुरतं. मुलानं वाटाणा किंवा हरभरा नाकात घातला तर पाणी किंवा थेंब टाकू नका, पिनेनं कोरू नका. कडधान्य ओलाव्यानं फुगतं आणि आणखी अडकतं. थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. खेळण्यातली चपटी गोल बॅटरी गिळली किंवा नाकात गेली असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

काळजी कधी करायची, तेही सांगते. चारच्या मुलानं चार-पाच शब्दांची वाक्यं बोलावीत, परक्यालाही त्याचं बहुतेक बोलणं कळावं, दोन्ही पायांनी उडी मारावी, मोठा चेंडू बहुतेक वेळा झेलावा, माणसाच्या चित्रात डोकं-हात-पाय असे निदान तीन भाग काढावेत, आणि 'मी डॉक्टर', 'मी वाघ' असं काहीतरी बनून खेळावं. या यादीत अक्षरं लिहिणं नाही, हे लक्षात घ्या. यातल्या बऱ्याच गोष्टी नसतील, इतर मुलांकडे तो ढुंकूनही पाहत नसेल, किंवा आधी येत असलेलं काही विसरत चालला असेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

शाळेत एकदा जाऊन मात्र या. भिंतीवर तीस मुलांची तीस सारखीच सफरचंदं लावलेली असतील, तर तिथे खेळाचं नाव आहे, काम मोठ्यांचंच चाललंय. चित्रं एकमेकांसारखी नसतील, मुलं स्वतः कोपरा निवडत असतील, बाई खाली बसून त्यांच्याशी बोलत असतील आणि एक खेळ निदान अर्धा-पाऊण तास मोडला जात नसेल, तर ती शाळा धरून ठेवा. बाईंना विचारा, तो कोणत्या कोपऱ्यात जास्त रमतो, कुणाबरोबर. त्यांना हे नेमकं सांगता आलं, तर त्या त्याच्याकडे नीट पाहतात. मोठ्या गटात गृहपाठाची वही आली, तर त्यावर लिहून पाठवा की एका बैठकीला पाच-सात मिनिटांवर घरी लिहून घेणार नाही. आणि ज्या दिवशी तो दमलेला असेल, त्या दिवशी तेवढंही नको.